दीपगृहात भाजलेले पापड

हे मले आत्ताच सांगून टाकायचं आहे. टायपिंगच्या क्लासात आज मले दोन सरकारी पत्रं टाइप करायची होती, ती राहू द्या. सर चहा प्यायले गेले आहेत, मराठीची मशीन रिकामी आहे, अन् मी आत्ता बाबाच्या शाळेतून अक्षरशः धावत आली आहो. तिथं जे झालं ते कोणाले सांगितल्याशिवाय मले जेवण जाणार नाही. पण ते समजायचं तर उन्हाळ्यातलं आधी सांगावं लागते, म्हणून पहिल्यापासून सांगते. चुका झाल्या तर झाल्या, मी खोडणार नाही.

माझे बाबा इतवारीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतात. वीस वर्षं झाली. फळ्यावर समुद्र काढावा तर बाबांनीच. निळ्या खडूच्या लाटा, पांढऱ्या खडूचं जहाज, अन् उजव्या कोपऱ्यात खडकावर एक दीपगृह. दीपगृहातून उजेडाच्या तीन रेघा निघतात, चार नाही, तीनच. पोरं मॅट्रिक होऊन वकील झाले तरी रस्त्यात भेटले की त्या तीन रेघांची आठवण काढतात. पण बाबांनी स्वतः समुद्र कधी पाह्यला नव्हता. नागपूर असं मधोमध आहे की कोणत्याही बाजूनं निघा, समुद्र तितकाच दूर. हे ते वर्गात मोठ्या अभिमानानं सांगत, जसं काही ते मोजून त्यांनीच गावाले तिथं ठेवलं.

मागच्या वर्षी शाळेत गणिताचे एक नवीन मास्तर आले. मूळचे कोकणातले, समुद्राच्या अगदी काठचे. एक दिवस ते बाबाचा वर्ग सुटल्यावर फळ्यापुढं उभे राहिले अन् म्हणाले, "मास्तर, दीपगृह छान काढलंत हो. पण आमच्याकडचं याहून उंच आहे. तुम्ही कधी पाहिलंय का प्रत्यक्ष?"

आता इथं बाबांनी नुसतं "नाही" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बाजूले चार मास्तर उभे, दारात पोरं उभी. बाबा म्हणाले, "पाह्यलं म्हणजे? वर चढलो आहो."

बाबांनी घरी येऊन पाय धुता धुता आईले हे सांगितलं. आई पोळ्या करून राहिली होती. तिनं लाटणं थांबवलं.

"कधी चढले तुम्ही?"

"नाही चढलो. तोंडातून निघून गेलं."

"परवा स्टुलावर चढून जाळं काढा म्हटलं तर स्टूल धरायले दोन माणसं लागली तुम्हाले."

हे खरं आहे. बाबाले उंचीची भयंकर भीती वाटते. रामटेकच्या गडावर ते जातात, पण नजर पायावर ठेवून, अन् वर पोचल्यावर मंदिराच्या भिंतीले पाठ लावून उभे राहतात. दर्शनही तिरपं घेतात.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण हेडमास्तरांच्या कानावर गेली, अन् हेडमास्तर म्हणजे उत्साही माणूस. त्यांनी ठरवून टाकलं की उन्हाळ्याची सुट्टी संपली की पहिल्याच शनिवारी सगळ्या शाळेपुढं बाबाचं भाषण. विषय, "मी पाहिलेले दीपगृह". अध्यक्ष कोण? गणिताचे मास्तर.

त्या दिवसापासून बाबा जेवताना मधेच थांबायचे. वीस वर्षांत पोरांले एक गोष्ट खोटी शिकवली नाही, असं ते नेहमी म्हणत. आता त्यांच्यापुढं एकच रस्ता होता. सुट्टीत कोकणात जायचं, दीपगृहावर अगदी वरपर्यंत चढायचं, अन् खोट्याचं खरं करून यायचं. भाषण व्हायच्या आत.

आई लहान भावंडांले घेऊन खाप्याले माहेरी गेली. बाबासोबत निघालो मी अन् आत्या. मी काहून? तर मी नुकतीच मॅट्रिक होऊन घरी बसली होती अन् मलेही न्या म्हणून तीन दिवस रडली होती. आत्या काहून? तर तिले समुद्रात आंघोळ करायची होती. आत्या बाबाहून आठ वर्षांनी मोठी. भीती हा प्रकार तिले माहीत नाही. या वयात चिंचेच्या झाडावर चढते अन् वरून खालच्यांले शिव्या देते.

आत्यानं सोबत काय घेतलं? एक वळकटी, एक तांब्या, अन् पन्नास उडदाचे पापड. डब्यात, वरून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. "परक्या गावात खायले काय भेटते कोणाले माहीत," म्हणे. पापड तिनं स्वतः लाटले होते, आमच्या मे महिन्याच्या उन्हात वाळवले होते. आमचं ऊन तुम्हाले माहीत आहे. सकाळी टाकलेला पापड दुपारी वाजतो.

आगगाडीनं मुंबई, तिथून बोट. बोटीत बाबाले उलट्या झाल्या, मले झाल्या, आत्या दोघांची पाठ चोळत होती अन् दुसऱ्या हातानं चिवडा खात होती. एका लहानशा बंदरात उतरलो अन् समुद्र पहिल्यांदा नीट पाह्यला. मी काहीतरी छान बोलणार होती, पण आत्याच आधी बोलली.

"अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठा आहे."

बाबा धोतर वर खोचून पाण्यात गेले, बोट बुडवलं अन् जिभेवर ठेवलं. मग वळून मले म्हणाले, "खारंच आहे." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, जसं काही वीस वर्षांचे पेपर तपासून सगळे बरोबर निघाले.

धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी आत्याची आंघोळ झाली, नारळ वाहून झाला, अन् तिनं पापडाचा डबा उघडला. आत हात घातला अन् तसाच बाहेर काढला. मी जवळ जाऊन पाह्यलं. पापड मऊ पडले होते. एक उचलला तर ओल्या रुमालासारखा खाली लोंबला.

"असं कसं झालं वं?" आत्या मलेच विचारून राहिली.

बाबा म्हणाले, "बाई, इथली हवा दमट. समुद्राकाठी हवेत बाष्प जास्त राहते."

"तुझं बाष्प गेलं चुलीत. माह्या पापडाले आजवर असं नाही झालं."

तिनं डबा काखेत मारला. म्हणे, जिथं चांगलं ऊन भेटलं तिथं पापड टाकीन. अन् तो डबा घेऊनच ती दीपगृह पाहायले निघाली. मी म्हटलं, आत्या, इथं ठेव ना. तर म्हणे, "धर्मशाळेत कावळे पाह्यले काय किती आहेत?"

दीपगृह गावाबाहेर टेकडीवर होतं. खूप जुनं, इंग्रजांनी बांधलेलं, पांढरं शुभ्र. खाली राखणदाराची दोन खोल्यांची जागा. राखणदार बारीक, उंच, पांढऱ्या कपड्यातला, अन् त्याच्या पितळी गुंड्या अशा चमकत होत्या की त्यात माझं तोंड दिसलं. त्यानं आधी आम्हाले चपला काढायले लावल्या. वर सगळं पितळ घासून ठेवलेलं, म्हणे, डाग पडतात. आत्याले हे लय आवडलं. "देवळासारखं ठेवलं बाप्पा यानं."

आत गेलो. मधोमध गोल गोल वर जाणारा लोखंडी जिना, अन् पायऱ्या जाळीच्या. म्हणजे पायाखालून सगळं खालपर्यंत दिसते. बाबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, खाली पाह्यलं, अन् तोंड पांढरं झालं.

"रामटेकच्या पायऱ्याखाली डोंगर आहे," बाबा म्हणाले. "इथं तर खाली काहीच नाही."

"काही नाही तर लागणार काय तुले? चाल गा भाऊ."

सगळ्यात पुढं राखणदार, मग आत्या डबा घेऊन, मग मी, अन् शेवटी बाबा दोन्ही हातांनी कठडा धरून. थोडं वर गेल्यावर मागचा आवाज बंद झाला. वळून पाह्यलं तर बाबा पायरीवर बसून कठड्याले मिठी मारून होते. डोळे बंद.

"तुम्ही व्हा पुढं. मी येतो."

"बाबा, येता ना?"

"येऊन राहिलो. तू जा."

ते येऊन राहिले नव्हते. मले दिसत होतं. मले ते भाषण आठवलं. पण आत्या वरून ओरडली अन् मी गेली.

वरची खोली सगळी काचेची. तिच्या मधात दिवा, अन् दिव्याभोवती भिंगाचं एक एवढं मोठं मखर. गणपतीले करतात ना, तसं. फक्त काचेचं, कड्यावर कडी, माझ्याहून उंच. समुद्राच्या बाजूनं मखर, अन् जमिनीच्या बाजूनं उघडं, कारण जमिनीवर कोण जहाज चालवते. खोलीच्या काचांले आतून चारही बाजूनं जाड पांढरे पडदे लावलेले होते. राखणदार म्हणाला, "हे बघा, काचेला हात लावायचा नाही. बोटाचा एक ठसा उठला तर मला तासभर पुसत बसावं लागतं. आणि हे पडदे आहेत ना, ते..."

तेवढ्यात खालून बाबाचा आवाज आला. "ओ भाऊ, पाणी भेटेल काय?"

राखणदार तसाच खाली गेला. पडद्याचं वाक्य अर्धं राहिलं. सगळं रामायण त्या अर्ध्या वाक्यामुळं झालं, असं माझं मत आहे.

आता आमच्याकडं काय करतात ते सांगते. उन्हाळ्यात सकाळी दहाले दारं-खिडक्या बंद. वाळ्याच्या ताट्या लावायच्या, त्यावर पाणी मारायचं, पडदे ओढायचे, अन् अंधारात निजून राहायचं. चार वाजले की ताट्या वर. हे आत्याच्या हाडात बसलेलं आहे. तिनं पडद्याकडं पाह्यलं अन् मान हलवली.

"उन्हाचे लावले दिसतात बिचाऱ्यानं. किती वाजले वं?"

मी म्हटलं, चार कधीचे वाजून गेले.

"मग आता काहून बंद ठेवले? उघड."

"आत्या, तो हात लावू नका म्हणाला."

"काचेले. पडदा काच आहे काय?"

अन् तिनं समुद्राकडचा पडदा सर्रकन बाजूले ओढला. बापरे, काय ऊन आलं. सूर्य समोर समुद्रावर उतरून राहिला होता, सगळी खोली पांढरी झाली. भिंगांमधून भिंतीवर लाल निळे पट्टे पडले. आत्या इतकी खूश झाली. "याले म्हणतात ऊन," म्हणे. "गावात नाही, इथं लपवून ठेवलं होतं."

मग ती मखराच्या मागच्या उघड्या बाजूले गेली. दिव्याखाली पितळेचं एक गोल टेबल होतं, त्यावर एक उन्हाचा ठिपका पडला होता, खूप तेज. आत्याले वाटलं सगळ्यात चांगली जागा हीच. तिनं फडकं अंथरलं, त्यावर पाच पापड मांडले, अन् कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मी त्या वेळी समुद्राकडं पाहत होती. मागून आत्याचा आवाज आला, अगदी हळू.

"पोरी, हे पाह्य वं."

पहिल्या पापडाले फोड येऊन राहिले होते. एक, दोन, दहा. मग तो कडेनं वर उचलला, तांबूस झाला, अन् वास सुटला. भाजलेल्या पापडाचा. चूल नाही, निखारा नाही, काही नाही. आत्यानं तो उचलून दुसरा सरकवला. तोही भाजला.

"कोकणातलं ऊन लय कडक आहे," आत्या म्हणाली. "इथं चुलीचा खर्चच नसेल यांले."

तिनं तिसरा सरकवला. मग चौथा. भाजलेले दोन मी खाऊन टाकले होते, खोटं काहून बोलू, कुरकुरीत झाले होते. अन् चौथा उचलायच्या आत त्याच्याखालच्या फडक्यातून धुराची बारीक रेघ निघाली, मग मोठी रेघ, अन् फडक्याच्या मधोमध एक लाल कडेचं भोक पडलं अन् ते मोठं होत गेलं.

मी ओरडली. काय ओरडली ते मले आठवत नाही, पण आत्या म्हणते मी "आग, आग, आत्या जळली" असं ओरडली. आत्या जळली नव्हती. ती फडक्यावर फुंकर मारून राहिली होती, अन् फुंकर मारली की ते जास्त पेटत होतं.

मग जिन्यावर आवाज झाला. धाड धाड धाड धाड. लोखंडी जिना, त्यामुळं सगळं दीपगृह वाजत होतं. मले वाटलं राखणदार. पण दारातून जे आत आले ते बाबा होते. बोडख्या डोक्यानं, धोतराचा सोगा सुटलेला, टोपी हातात. त्यांनी आमच्याकडं पाह्यलंच नाही. टोपीनं फडक्यावर असे दणके हाणले की दोन दणक्यांत आग विझली अन् उरलेल्या पापडाचा चुरा झाला. मागून राखणदार धापा टाकत आला, त्यानं आधी पडदा ओढला, मग दिवा पाह्यला, मग भिंग पाह्यलं, मग खाली बसला.

"दिवा वाचला," एवढंच म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "अहो बाई, पडदे लावतात ते आम्हाला ऊन लागतं म्हणून नाही हो. रात्री हे भिंग दिव्याचा उजेड समुद्रावर फेकतं. दिवसा पडदा काढला की तेच भिंग सूर्याला आणून दिव्यावर बसवतं. दिवा वितळेल माझा!"

आत्यानं पदराखालून तिसरा भाजलेला पापड काढला अन् त्याच्यापुढं धरला. "खा बाप्पा. चुकलं माझं."

त्यानं पापडाकडं पाह्यलं, आत्याकडं पाह्यलं, अन् घेतला. खाताना चेहरा मात्र रागीटच ठेवला होता.

अन् बाबा? बाबा टेबलापुढं उभे राहून चमकत्या डोळ्यांनी बोलून राहिले होते. "बहिर्गोल भिंग. समांतर किरण एका बिंदूत. विज्ञानाच्या वर्गातून वीस वर्षं ऐकून राहिलो, पण कोणी पापड भाजून दाखवला नाही." ते मखराभोवती फिरले, खाली वाकून पाह्यलं, राखणदाराले दहा प्रश्न विचारले. मग मी म्हटलं, अन् हे मी म्हणायले नको होतं, "बाबा, तुम्ही वर आले."

बाबांनी माझ्याकडं पाह्यलं. मग जमिनीकडच्या पडद्याच्या फटीतून खाली पाह्यलं. आमच्या चपला मुंगीएवढ्या दिसत होत्या. बाबा तिथंच बसले.

आता राखणदाराले घाई. सूर्य बुडायच्या आत सगळं पुन्हा पुसून दिवा लावायचा होता. "मास्तर, सूर्यास्ताला दिवा लागलाच पाहिजे. तुम्ही उतरा बघू." बाबा म्हणाले, मी इथंच राहतो, तुम्ही दिवा लावा. राखणदार म्हणाला, नाही चालत. शेवटी आत्यानं तोडगा काढला. बाबांनी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचं, मग खालच्या पायरीवर बसायचं, मग त्याच्या खालच्या. उभं राहायचंच नाही. आत्या पुढं, मी मागं. असे आम्ही उतरलो. बाबा प्रत्येक पायरीले "हं" म्हणत होते अन् आत्या "शाब्बास" म्हणत होती, अन् मी हसू दाबून दाबून रडायले आली होती. खाली पोचलो तेव्हा बाबाच्या धोतराची मागची बाजू जिन्याच्या तेलानं काळीभोर झाली होती.

बाहेर आलो अन् वर दिवा लागला. आम्ही तिघं खाली उभे राहून पाहत होतो.

"झालं ना गा आता?" आत्या म्हणाली. "म्हटलं होतंस वर चढलो. चढलास. आता बिनघोर भाषण दे."

बाबा वर दिव्याकडं पाहत म्हणाले, "पण म्हटलं तेव्हा तर चढलो नव्हतो, बाई."

आत्या म्हणाली, "आता याले काय करावं?" अन् परतीच्या बोटीत, आगगाडीत, घरी आल्यावर, बाबा पुन्हा जेवताना मधेच थांबायले लागले. म्हणजे एवढं करून तिथंच.

अन् आज तो शनिवार होता. मी अन् आत्या शाळेच्या मागच्या दारातून गेलो अन् शेवटच्या बाकावर बसलो. अध्यक्षाच्या खुर्चीत गणिताचे मास्तर, हातात कागद-पेन्सिल. बाबा उठले. मले वाटलं समुद्रापासून सुरुवात करतील. बाबा म्हणाले, "पोरांनो, मागच्या वर्षी मी या मास्तरांपुढं खोटं बोललो. मी तेव्हा समुद्रही पाह्यला नव्हता."

हेडमास्तरांनी खुर्ची सरकवली. अन् मग बाबांनी सगळं सांगितलं. पायरीवर डोळे मिटून बसले ते, भिंग, पापड, टोपी, अन् खाली कसे उतरले तेही. बसून उतरण्याची जागा आली तेव्हा त्यांनी करून दाखवलं. शिक्षकांच्या चौथऱ्यावरून बसत खाली आले. पोरं बाकावरून पडायची बाकी राहिली. आत्या रागानं मले म्हणे, "पापड मी भाजले अन् टाळ्या याले."

मग अध्यक्ष उठले. मी आत्याचा हात धरला. गणिताच्या मास्तरांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "मी यांना विचारायला बारा प्रश्न काढून आणले होते. आता एक कबुली देतो. आमच्या गावच्या दीपगृहावर मी शाळेत असताना चढायला गेलो होतो. त्या जाळीच्या पायऱ्यांवर मला घेरी आली आणि मी अर्ध्यातून परत आलो. पुन्हा कधी गेलो नाही. हे वर तरी गेले."

अन् खाली बसले. बाबांनी त्यांच्याकडं पाह्यलं, त्यांनी बाबाकडं पाह्यलं, अन् दोघंही एकदम हसायले लागले. आता पुढच्या सुट्टीत दोघं सोबत जायचं ठरवून राहिले आहेत. आत्या म्हणते मीही येते, नाहीतर यांले वर पोचवणार कोण.

सर येऊन राहिले, जिन्यावर आवाज आला, अन् सरकारी पत्र एकही झालं नाही. तुमच्या घरी झालं काय गा असं कधी, की जन्मभर जे जमलं नाही ते कोणीतरी एकदम धावत जाऊन करून बसलं, अन् केल्यावर मग त्याले समजलं, आपण काय केलं ते?